जरीखालचा रंग

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत देवघरातल्या लक्ष्मीची काच तडकली. तडकली म्हणजे माझ्याच हातून. स्टुलावर चढून फ्रेम खाली घेत होते, मागची दोरी कुजलेली होती, आणि व्हायचं ते झालं. चित्राला काही झालं नाही, एवढंच नशीब. ही लक्ष्मी आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारच्या घरात पणजीच्या वेळेपासून आहे. नेमकी कधी आली ते कुणालाच सांगता येत नाही. "सासूबाईंच्या आधीपासून आहे" असं आजी म्हणायची, आणि तिच्या लेखी तिथे काळ संपायचा.

फ्रेमवाल्याने फ्रेम पालथी घातली, पक्कडीने बारक्या चुका उपटल्या, मागचा पुठ्ठा काढला. पुठ्ठ्यासोबत कसर, भुकटी झालेलं वर्तमानपत्र आणि एक वाळलेली पाल निघाली. चित्र उताणं करून त्याने फुंकर मारली आणि थांबला. "बेन, आ काढी नाखुं के रहेवा दउं?"

'आ' म्हणजे जर. आमच्या लक्ष्मीला खऱ्या जरीचा काठ आहे. कुणीतरी, बहुधा पणजीनेच, जुन्या लुगड्याचा काठ कापून चित्रातल्या साडीच्या काठावर डिंकाने चिकटवला होता. गळ्यात टिकल्या, कमरेला मण्यांची एक सर. त्या काळी छापील देवांना असं सजवायची पद्धतच होती. लहानपणापासून मी रोज तिच्यापुढे उदबत्ती लावत आले, पण जर चित्रातली कुठली आणि वरून चिकटवलेली कुठली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. काचेमागे सगळं एकच दिसायचं.

डिंक वाळून काठाचं एक टोक सुटलं होतं. फ्रेमवाल्याने ते नखाने अलगद उचललं. खाली बोटभर पट्टी लाल होती, कोकमाच्या आगळासारखी गर्द. त्या पट्टीला लागून असलेली बाकीची साडी मात्र फिकट, विटक्या गुलाबी रंगाची. आमच्या घरात सगळे हिला 'गुलाबी लक्ष्मी' म्हणतात. ती गुलाबी कधीच नव्हती. समोरच्या खिडकीतून रोज दुपारी दीड-दोन तास ऊन यायचं, ते इतकी वर्षं तिच्या साडीतला लाल रंग पीत होतं. जरीने झाकलं तेवढंच वाचलं.

मी चित्र तसंच, बिनफ्रेमचं, दोन पुठ्ठ्यांत घालून घरी आणलं.

मग बाबांचं भिंग शोधलं. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेल्या बाईला भिंगातून बघायची सवय असते, पण आकडे बघायची. इथे गालावर भिंग धरलं तर गाल नाहीसाच झाला. तांबडे, तपकिरी, पिवळे ठिपके, मोहरी सांडावी तसे. दगडावरची ही छपाई. एकेका रंगाचा वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडावर कुणीतरी कारागिराने हे ठिपके हाताने टिपलेले. कागद एका दगडावरून काढून दुसऱ्यावर घालताना केसभर सरकला की रंग रेघेबाहेर येतो. आमच्या लक्ष्मीच्या खालच्या ओठाचा लाल असाच किंचित उजवीकडे सरकलाय. आजी म्हणायची, बघ, लक्ष्मी हसतेय. म्हणजे आमच्या घरातलं ते हसू छापखान्यात कागद सरकल्याचं! मला आधी वाईट वाटलं, मग गंमत वाटली, आणि आता ती मला पहिल्यापेक्षा जास्तच आवडते.

खालच्या कडेला, फ्रेमच्या लाकडाखाली इतकी वर्षं दडलेली, छापखान्याची ओळ निघाली: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. चित्रकार राजा रविवर्म्याने छापखाना काढला तो १८९४ साली मुंबईत. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. मुंबईच्या दिवसांतलं चित्र असतं तर ही ओळ नसती. 'सासूबाईंच्या आधीपासून'च्या त्या धुक्यात निदान एक खुंटी ठोकता आली.

आता मूळ चित्र बघायचंच, असं मनाने घेतलं. या लक्ष्मीचं आणि सरस्वतीचं मूळ तैलचित्र आमच्याच गावात, महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. बडोद्याच्या माणसाला हे ठाऊक असतं, आणि ठाऊक असतं म्हणूनच तो तिथे जात नाही. मुंबईचे पाहुणे आले की लक्ष्मी विलास पॅलेस दाखवायचा, उरलेल्या वेळात संग्रहालय, आणि अर्ध्या तासात भाकरवडी घ्यायला बाहेर. मीही तिथे चार-पाचदा गेले असेन. सगळ्या वेळा मिळून लक्ष्मीसमोर मी किती उभी राहिले? तीन मिनिटं धरली तरी उदारपणाच होईल.

या वेळी आत्याला नेलं. आत्या ८१ वर्षांची आहे. शिवणकामाचे वर्ग घेण्यात तिचे हात झिजले. चित्रकलेबद्दल विचाराल तर "मला काय कळतंय" म्हणेल, पण कापडाबद्दल तिला कळत नाही असं जगात काही नाही. गुडघ्यांमुळे तिला फिरवत नाही, उभंही राहवत नाही. तिथल्या रक्षकाने आपली खुर्ची दिली, आत्या लक्ष्मीसमोर बसली आणि उठेचना. सगळी चित्रं बघून होण्याचा प्रश्नच मिटला. आत्याच्या गुडघ्यांचे मला त्याबद्दल आभारच मानायला हवेत.

दहा मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पदराला जर भरपूर आहे."

"दिसतेच आहे की."

"दिसतेय ते नाही गं. बघ ने, पदर कसा खाली ओढला गेलाय. जरीच्या वजनाने. नुसता रेशमी असता तर असा सरळ पडला नसता, फुगला असता. याने हातात धरून बघितलंय लुगडं."

मी पुढे जाऊन बघितलं. अगदी जवळ गेलं की ती जर उरत नाही, पिवळ्या-तपकिरी रंगाचे फटकारे आणि ठिपके उरतात. तीन पावलं मागे आलं की पुन्हा जर, आणि वजनासकट. भिंगाखाली झालं होतं तेच इथे पावलांनी होत होतं.

मग नऊवारीचा वाद निघाला. रविवर्म्याने आपल्या नायिकांना मराठी पद्धतीचं लुगडं नेसवलं, हे मी वाचलं होतं आणि आत्याला जरा ऐटीत ऐकवलं. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी त्याला पुराणकथांवरची १४ चित्रं सांगितली, ५०,००० रुपयांना. त्या काळचे ५०,०००! काम हाती घेण्याआधी तो आणि त्याचा भाऊ राजा राजा वर्मा उत्तर हिंदुस्थानात हिंडले. द्रौपदी, दमयंती, मत्स्यगंधा यांना कोणता पोशाख घालावा, साऱ्या देशाला आपला वाटेल असा कोणता, हे शोधत. तसा एक पोशाख काही मिळाला नाही. ज्या गावात फिराल तिथली नेसण वेगळी. शेवटी त्याने पसंत केली ती आपल्याकडची नेसण. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिला काष्टा आहे?"

"असणारच."

"असणारच काय? काष्टा मागे असतो. ही तर समोर तोंड करून उभी आहे. पाठमोरी झाली तर सांगेन." आणि वर, "निऱ्या बघून तरी मला शंका आहे."

रक्षक हसायला लागला. माझी ऐट तिथेच उतरली. वाचलेलं घेऊन चित्रापुढे उभं राहिलं की हे असं होतं. नऊवारी वाचली होती, म्हणून मला नऊवारी दिसली होती. आत्याने काही वाचलं नव्हतं, म्हणून तिला समोर होतं तेवढंच दिसलं.

चार हातांचं कोडं मात्र मीच काढलं, याचा मला अजून अभिमान आहे. रविवर्म्याची सगळी करामत खरेपणाची: हाडामांसाची बाई, खरं कापड, खरी सावली. मग चार हात कसे जमवायचे? खांद्याला सांधा एक, त्यातून दोन दंड निघाले तर विचित्र दिसेल. मूर्तिकाराला ही अडचण नसते, दगडातल्या देवाला कुणी शरीरशास्त्र विचारत नाही. मी खूप वेळ त्या खांद्यांकडे बघत राहिले. मागचे हात पुढच्या दंडांच्या आडून येतात. सांधा कुठेच दिसत नाही. जिथे प्रश्न पडेल नेमकी तिथे त्याने सावली तरी टाकलीय नाहीतर वस्त्र तरी. शेजारच्या सरस्वतीतही तीच युक्ती. दोन हात वीणेत इतके गुंतवलेत की पोथी आणि माळ धरलेले दोन हात कुठून आले, हे विचारायला आपण विसरतोच.

आणि यावरून माधवरावांचं पत्र आठवलं. सर टी. माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण, मग १८७५ पासून सयाजीरावांच्या अल्पवयात बडोद्याचे. रविवर्म्याचं नातं या गावाशी जुळलं ते त्यांच्यामुळे. 'सीताभूमिप्रवेश' बडोद्याला आलं तेही त्यांच्याच काळात. त्यांनी रविवर्म्याला लिहिलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे की दोन हातांनी ती पुरी होणं शक्य नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढवून घ्या, तीही देशसेवाच होईल. दोन हात पुरणार नाहीत! पत्र लिहिताना माधवरावांच्या मनात काही लक्ष्मी नसणार. पण मूळ चित्र राजाच्या संग्रहात आणि त्याची लोणावळ्याला छापलेली प्रत आमच्या देवघरात, हा सगळा प्रवास त्या एका वाक्यातून निघाला, आणि मी तर त्या चित्रातल्या चार हातांचाच हिशेब करत उभी होते.

निघताना आत्या म्हणाली, "आपली बरी आहे. हिला जर रंगवावी लागली."

*

या गावात आणखी एक भिंत आहे, तिच्याशी माझं कधी जमलं नव्हतं.

कीर्तिमंदिर म्हणजे गायकवाड घराण्याच्या पूर्वजांचं स्मारक, १९३६ साली बांधून झालेलं. आतल्या मधल्या दालनाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चार मोठी चित्रं आहेत, १९३९ ते १९४६ या काळात काढलेली: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातलं अभिमन्यूचं युद्ध. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती 'अर्धवट' वाटली होती. सावल्या नाहीत, अंगाला गोलाई नाही, सपाट रंग आणि रेघा. ज्या मुलीच्या घरी रविवर्म्याची लक्ष्मी होती तिला दुसरं काय वाटणार?

नंतर कळलं की हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. नंदलाल ज्या बंगाली परंपरेतले, चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या शिष्यवर्गातले, तिथे रविवर्मा म्हणजे जवळजवळ शिवी होती. भगिनी निवेदिता आणि कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यावर कडक टीका केली होती: देव परके झाले, नाटकी झाले, अशी. पुढे १९५० साली इथे ललित कलांची फॅकल्टी सुरू झाली. तिथे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवायला होते, नंदलालांचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन होते. त्या वातावरणात वाढलेल्या एका ओळखीच्या चित्रकाराला मी कौतुकाने आमची लक्ष्मी दाखवली होती. तो म्हणाला, "कॅलेंडर." एका शब्दात. गंमत अशी की रविवर्मा आणि नंदलाल, दोघांनाही पैसे देणारा राजा एकच. १८८८ मध्ये पंचविशीतला सयाजीराव रविवर्म्याला काम देतो, आणि म्हातारपणी तोच राजा आपल्या पूर्वजांच्या भिंती नंदलालांच्या हाती सोपवतो. पन्नास वर्षांत त्याची नजर इतकी बदलली? की त्याला दोन्ही आवडायचं? मला दुसरं खरं असावंसं वाटतं. याच माणसाने बडोद्याच्या संग्रहालयासाठी युरोपची चित्रंही मागवली होती. चित्रदालनाची इमारत १९१४ साली तयार झाली, पण युद्ध सुरू झाल्याने चित्रं तिकडेच अडकली आणि दालन उघडलं थेट १९२१ मध्ये.

या वेळी कीर्तिमंदिरात मी दुर्बीण घेऊन गेले. भाच्याची, पक्षी बघायची. चित्रं उंचावर आहेत, मान दुखते, आणि रविवर्म्यापुढे जसं मागेपुढे होता येतं तसं इथे होता येत नाही. ते काम दुर्बीण करते. अंड्यातल्या बलकात रंग कालवून काढलेली ही चित्रं. हा रंग चटकन वाळतो, तेलरंगासारखा घोळवत बसता येत नाही. म्हणून हात थांबलेला चालत नाही. शंकराच्या जटांमधली एक रेघ मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत दुर्बिणीतून चालत गेले. मध्ये जाड, मग बारीक, आणि संपते तिथे ब्रश उचलल्याची निमुळती शेपटी. खाडाखोड नाही. सावली का नाही ते मला तेव्हा उमगलं. सगळा भार रेघेवर टाकलाय. आत्या असती तर म्हणाली असती, हा टाका एकाच दोऱ्याचा आहे.

पण गंगावतरण इथे का? हा प्रश्न इतकी वर्षं मला पडलाच नव्हता. शंकराचं चित्र, देऊळ म्हणजे असणारच, असं मी धरून चालले होते. हे देऊळ नाही, स्मारक आहे. आणि भगीरथाने गंगा आणली ती कशासाठी? सगराच्या ६०,००० पुत्रांची राख पडून होती, त्या पूर्वजांच्या उद्धारासाठी. पूर्वजांच्या स्मारकात ही गोष्ट किती नेमकी बसते! सयाजीराव गेले ६ फेब्रुवारी १९३९ ला. गंगावतरण झालं त्याच वर्षी. पूर्वजांसाठी जागा बांधणारा माणूस चित्र पुरं होण्याच्या वर्षीच पूर्वजांत जाऊन बसला. हे कळल्यावर मी पुन्हा वर बघितलं, तर चित्र तेच होतं, पण खाली उभं राहायची माझी जागा बदलली होती.

नटीर पूजेचं उलटं झालं. ही रवींद्रनाथांच्या १९२६ च्या नाटकातली कथा. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धपूजेला बंदी आहे. श्रीमती ही राजवाड्यातली नर्तकी. तिने स्तूपापुढे नाचून स्तूपाची विटंबना करावी, असा हुकूम होतो. ती नाचते, पण तो नाचच तिची पूजा होतो. नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, आत भिक्षुणीचं वस्त्र निघतं, आणि तिला मारलं जातं. १९२६ साली शांतिनिकेतनात श्रीमतीचं काम केलं होतं गौरीने, नंदलालांच्या थोरल्या मुलीने. भल्या घरच्या मुलीने रंगमंचावर नाचणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. १९४३ मध्ये बडोद्याच्या भिंतीवर नंदलाल श्रीमती काढत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सतरा वर्षांपूर्वी नाचलेली आपली लेक असणार, नाही का?

असणार. पण हे कळल्यापासून मला त्या चित्रात दुसरं काही दिसेना. प्रत्येक वळणात बाप दिसायला लागला. दुर्बीण लावली की डोळे गौरीला शोधायचे, रेघेला नाही. आत्याच्या काष्ट्यासारखंच पुन्हा. मी चिडून दुर्बीण खाली ठेवली आणि पंधरा मिनिटं नुसती बसले, पायऱ्यांवर, बाहेर. मग आत जाऊन ठरवून फक्त पावलं बघितली. कोण कुठे उभं आहे, वजन कुठल्या पायावर आहे, कोण थबकलंय, कोण निघालंय. नाचणारीची पावलं आणि बाकीच्यांची पावलं. तेव्हा कुठे गौरी जरा बाजूला झाली. पूर्ण गेली नाही. ती आता जाणारही नाही.

*

लक्ष्मीचं पुढे काय करायचं, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. मुलगा म्हणाला, जर काढून टाक, ओरिजिनल राहील. त्याचंही खरं. पण ओरिजिनल म्हणजे कोणतं? लोणावळ्याहून आलं ते, की पणजीने सजवलं ते, की उन्हाने गुलाबी केलेलं, ज्याला आम्ही हात जोडले ते? जर पुरी काढली तर साडीवर गर्द लाल पट्टे उघडे पडतील, आणि आमच्या खिडकीतलं ऊन त्यांचाही हिशेब करायला तयारच आहे. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "जर ठेव. आणि खिडकीला पडदा लाव आधी." एवढ्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

फ्रेमवाल्याकडे मी काठाचं सुटलेलं टोक पुन्हा चिकटवायला गेले. त्याने डिंकाची वाटी पुढे ओढली. म्हटलं, ही एवढी कड नको चिकटवूस. तो माझ्याकडे बघत राहिला. काच बसल्यावर ती कड उचलता येणार नाही, हे त्याने मला सांगितलं, आणि ते मलाही कळत होतंच. शेवटी त्याने काचेची फ्रेम मागून चुका न ठोकता चार पितळी फिरक्यांनी बंद केली.

आत्या पुढच्या रविवारी आली. चहा घेतला, मग म्हणाली, "काढ बघू ती खाली." फिरक्या फिरवल्या, पुठ्ठा सरकवला, चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा वर केला, नखाने जरीची कड उचलली आणि लाल पट्टीकडे बराच वेळ बघत बसली. "हे लुगडं मला माहितीय," ती म्हणाली. मला वाटलं चित्रातलं. ती जरीवर बोट फिरवत होती.